विसराळू ब्राउझर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आजपासून गावच्या वाचनालयातल्या संगणकाचा ताबा माझ्याकडे. अध्यक्ष लेस्ली परेरा यांनी सकाळी दहा वाजता किल्ली हातात दिली. किल्ली खोलीची, संगणकाला किल्ली नसते. पण लेस्लीने ती अशा काही थाटात दिली की पुन्हा नोकरीला लागल्यासारखं वाटलं. पोस्टातून निवृत्त होऊन सात महिने झाले. या सात महिन्यांत स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना मी नावांच्या चिठ्ठ्या लावल्या, तारखेसकट. माझं नाव लेस्लीला हंसानेच सुचवलं हे आज कळलं. बायकोने इतका विश्वास दाखवावा, बरं वाटलं.

नियम असा: आमच्या वटार गावातल्या कुणीही यावं, रजिस्टरमध्ये नाव आणि वेळ लिहावी, अर्धा तास बसावं. सकाळी मी. दुपारी दोन ते चार माझी झोपेची वेळ असते, तेव्हा फ्लॉसी टीचर. टीचर शाळेतून निवृत्त झाल्या, पण शाळा त्यांच्यातून झालेली नाही.

हंसाही दुपारी जाते म्हणाली. पाककृती बघायला.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज एक विचित्र प्रकार. पेन्शनचं नवं परिपत्रक शोधावं म्हणून मी 'नव' एवढंच टाइप केलं, तर खाली आपोआप ओळी उघडल्या:

नवरा निवृत्त झाल्यावर सारखा बोलतो उपाय
नवरा स्वयंपाकघरात लक्ष घालतो काय करावे
नवऱ्याला घराबाहेर काम मिळवून देणे

मी दचकून हात मागे घेतला. म्हणजे आधी बसलेल्या माणसाने काय शोधलं ते हे यंत्र पुढच्याला दाखवतं! छत्तीस वर्षं टपाल हाताळलं मी. पोस्टकार्ड उघडंच असतं, तरी पत्त्याच्या खाली नजर जाऊ द्यायची नाही, हे पहिल्या दिवशी साहेबांनी शिकवलं होतं आणि मी पाळलं. आणि इथे पोस्टकार्ड स्वतःच उठून वाचून दाखवतंय.

जेवताना हंसाला सांगितलं. नाव माहीत नसल्यामुळे यात गुप्ततेचा भंग होत नाही, असं माझं मत.

"कोण असेल गं बिचारी?"

"असेल कुणीतरी," हंसा म्हणाली.

"तिच्या नवऱ्याला कुणीतरी समजावून सांगायला हवं."

"सांगितलं तर ऐकेल?"

"असली माणसं ऐकत नाहीत," मी म्हणालो, आणि तशी दोन-तीन उदाहरणं पोस्टातली दिली. ती ऐकता ऐकता ताटं घेऊन आत गेली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

लेस्ली वर्तमानपत्र वाचायला म्हणून संगणकावर बसला आणि रागाने उठला. बातम्यांच्या चारी बाजूंनी टक्कल जाण्याच्या तेलाच्या जाहिराती. "राऊत, हे यंत्र माझ्या डोक्याकडे बघतं काय?" कालपर्यंत तिथे गुडघ्याचे पट्टे होते. म्हणजे गावातलं कुणीतरी गुडघ्यावरून केसांवर गेलं. कोण ते मी शोधणार नाही. (गुडघ्याचं मला माहीत आहे, ते मीच होतो.)

९ नोव्हेंबर, रविवार

हितेश आणि संजना माणिकपूरहून जेवायला आले. आमच्या चिरंजीवांना या विषयात रस नाही, पण सूनबाई संगणकाच्याच कंपनीत. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, यंत्राचा दोष नाही. ज्यातून आपण इंटरनेट उघडतो ना, तो ब्राउझर. तोच सगळं लक्षात ठेवतो. दुसरा टाका."

"दुसरे असतात?"

"भरपूर असतात. आला तोच वापरायचा असं कुठे आहे?"

सत्तर टक्के आयुष्य मी आलं ते वापरलं. हे मला नवीन होतं.

तिने वहीत तीन नावं लिहून दिली. इथे मी त्यांना पहिला, दुसरा, तिसरा म्हणेन, कारण ही डायरी कुणाच्या हाती पडली तर उगाच बदनामी नको.

पहिला, संगणकाबरोबर आलेला. चपळ, मराठी उत्तम, सगळं फुकट. पण मालकाचा धंदाच जाहिरातींचा. मी विचारलं, "म्हणजे पत्र फोडून वाचणार आणि बाजारात सांगणार?" संजना म्हणाली, "फोडून वाचत नाही हो. पाकिटावरून अंदाज बांधतो." मी म्हणालो, "ते तर जास्त वाईट. वाचणाऱ्याला निदान लाज वाटते."

दुसरा एका सेवाभावी संस्थेचा. चुगली करत नाही. पण संस्था चालते ती बरीचशी पहिल्यासारख्यांच्याच पैशावर. दारूबंदी मंडळाला दारूवाल्याची देणगी.

तिसरा जाहिरात म्हणून दिसूच देत नाही. अगदी कडक. पण त्याच्या मंडळींनी मागे एकदा काहीतरी गडबड करून माफी मागितली होती म्हणे.

"मग चांगला कोणता?" मी विचारलं.

"पप्पा, पूर्ण चांगला कुठलाच नसतो. कशाची चालेल आणि कशाची चालणार नाही, ते आपण ठरवायचं."

हितेश म्हणाला, "लग्नासारखं." संजनाने त्याच्याकडे बघितलं आणि तो वाल-वांगं वाढून घ्यायला लागला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चार दिवस तिन्ही आलटून पालटून वापरून पाहतोय. तिसऱ्यावर माझं मन बसलं होतं. लेस्लीचं तेल गायब, माझे पट्टे गायब. पण फ्लॉसी टीचरनी खोडा घातला. त्यांचा भाचा वसईच्या बातम्यांचं संकेतस्थळ चालवतो. "जाहिराती दिसल्या नाहीत तर पोरगा खाणार काय? आपली गुप्तता त्याच्या पोटावर पाय देऊन ठेवायची का?" नीतीचा प्रश्न एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूने फुगतो, जुन्या गादीसारखा.

टीचरनी असंही विचारलं, की या तिघांना बनवणारी माणसं कशी आहेत? मुलगी देताना चौकशी करतो, मग इथे का नाही? चौकशी कुठे करायची हे मात्र त्यांनाही सांगता येईना.

रात्री जेवणावर हे सगळं हंसाला समजावलं. तिने मध्येच विचारलं, "त्या दुसऱ्यात सातबारा उघडतो का?"

"सातबारा?"

"लोकांना लागतो ना. म्हणून म्हटलं."

किती बारकाईने विचार करते! माझ्या कामात तिने प्रथमच असा रस घेतला. उद्याच बघून सांगतो म्हणालो. पाककृती मात्र रोज बघून येते आणि घरात आज पुन्हा बटाट्याचं भुजणं. काय शिकते कोण जाणे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसऱ्यात सातबारा उघडतो. हंसाला सांगितलं. "बरं झालं," म्हणाली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज माझ्या हातून जे झालं ते लिहायला जड जातंय.

पहिल्यावर 'ब्राउझर' लिहायला गेलो. 'ब' उमटला आणि खाली ओळ आली:

बहिणीची सही नसताना वाडी विकता येते का

मी जागच्या जागी बसून राहिलो. गावात केळी-पानवेलीच्या वाड्या किती उरल्यात ते बोटांवर मोजता येईल. कुणीतरी भाऊ बहिणीला अंधारात ठेवून वाडी विकायला निघालाय!

सार्वजनिक महत्त्वाची बाब म्हणून मी अध्यक्षांना सांगितलं. फक्त अध्यक्षांना. लेस्लीने छातीवर हात ठेवून शब्द दिला की कुणाला सांगणार नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रविवारी मिस्सा सुटल्यावर लेस्लीने चर्चच्या आवारात फक्त मेव्हण्याला सांगितलं. मेव्हण्याने फक्त बायकोला. सोमवारी सकाळी मासेवालीने मला विचारलं, "बहिणीला फसवणारा तो कोन, बाबा?"

आता सगळ्यांचं बोट जितेंद्रकडे. का, तर त्याची वाडी रस्त्याला लागून आहे, त्याला एकच बहीण, आणि तो मागच्या आठवड्यात दोनदा संगणकावर बसला होता. जितेंद्र आमचा खजिनदार. इतका सालस की केळीचा घड उतरवतानाही झाडाला सांगून उतरवेल. आज दारात आला. म्हणाला, "काका, संपदाताई भाऊबिजेला ओवाळून गेली. काल फोन केला तर उचलत नाही. मी करपा रोगाचं औषध शोधत होतो हो."

मी त्याला पाणी दिलं.

छत्तीस वर्षं एक कार्ड वाचलं नाही आणि आता वाचलं ते गावभर वाटलं. ब्राउझरला नावं ठेवत होतो. तो निदान फक्त पुढच्याला दाखवत होता.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या दहाला कार्यकारिणीची सभा. लेस्लीचं म्हणणं: संगणकात कोणत्या वेळी काय शोधलं त्याची यादी असते. आपल्या रजिस्टरमध्ये कोणत्या वेळी कोण बसलं ते असतं. दोन्ही जुळवा, पाच मिनिटांत माणूस सापडतो. मला तसा लेखी आदेश आला आहे.

रजिस्टर मीच सुरू केलं होतं. मिनिटासकट वेळ लिहायची सक्तीही माझीच. टीचरनी तेव्हाच विचारलं होतं, एवढं कशाला? शिस्त म्हणून, असं मी उत्तर दिलं होतं.

हंसाला आदेश वाचून दाखवला. ती मेथी निवडत होती. हात थांबले.

"मग जुळवणार?"

"जुळवलं तर जितेंद्र सुटेल."

"आणि दुसरं कुणीतरी अडकेल."

"तो अडकायलाच हवा की."

तिने मेथीची एक काडी तोडली. मग म्हणाली, "शोधणाऱ्याला काय अडचण होती ते त्या यादीत येतं का हो?"

मी म्हणालो, नाही, तशी सोय नाही. तिने निवडलेली मेथी पुन्हा न निवडलेल्या मेथीत टाकली. आजकाल तिचं लक्ष नसतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

घडलं तसं लिहितो.

सभेला कार्यकारिणी आणि न बोलावलेली तीसेक माणसं. हंसा मागच्या खुर्चीवर होती. ती कधी सभेला येत नाही. लेस्लीने प्रस्तावना केली. टीचर उठल्या आणि म्हणाल्या, "उद्या कुणी आजार शोधला, कुणी वकील शोधला, तर त्याचीही वरात काढणार का? मग वाचनालयाच्या दारावर तशी पाटी लावा." थोड्या टाळ्या पडल्या. पण मागून एकजण म्हणाला, "ज्याने पाप केलं नाही त्याला कसली भीती?" त्याला जास्त पडल्या.

लेस्ली म्हणाला, "राऊत, रजिस्टर आण."

मी रजिस्टर उचललं. जितेंद्र समोर बसला होता. त्याची नजर रजिस्टरवरून हलत नव्हती. तो सुटणार होता, तरी घाबरला होता. मला वाटलं, जो अडकेल तोही असाच बघत बसेल, आणि हे सगळं माझ्या एका बोलण्यामुळे.

आणि मी म्हणालो, "जुळवायची गरज नाही. ते मीच शोधलं होतं."

मग लेस्ली म्हणाला, "तू? तुला वाडी विकायचीय?"

"सहज बघत होतो. ज्ञान म्हणून."

"मग मला येऊन का सांगितलंस?"

याचा विचार मी केला नव्हता. "मन खात होतं," मी म्हणालो. हे खरंही होतं, फक्त वेगळ्या कारणाने. नोकरीत मी तीनदा खोटं बोललो, तिन्ही वेळा रजेसाठी. हे चौथं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हंसा उठून बाहेर गेली होती. नवरा बहिणीला फसवणारा निघाला म्हटल्यावर लाज वाटली असणार.

सभा संपल्यावर एकटाच संगणकापाशी बसलो. जुनी यादी पुसण्याच्या बटणावर बाण नेला. बाजूलाच यादी उघडायचं बटण. एक क्षण, लिहितो प्रामाणिकपणे, चांगला मिनिटभर, बाण दोन्हींच्या मध्ये होता. मग पुसली. पहिला ब्राउझर काढला, दुसरा घातला, आणि बंद केला की दिवसभराचं सगळं विसरायचं अशी त्यात सोय करून ठेवली. जाहिराती दिसतील, टीचरच्या भाच्याचं चालेल. पण कुणाच्या गुडघ्याची आठवण राहणार नाही. दारूवाल्याच्या देणगीचं डाचतंय. असू दे. रजिस्टरमधला वेळेचा रकानाही उद्यापासून बंद.

घरी आलो तर हंसाने बोंबील तळले होते. एकही शब्द विचारला नाही. एवढी रागावली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

जितेंद्रची बहीण येऊन गेली, दोघं पोटभर रडली म्हणे. त्याने मला केळ्यांचा घड पाठवला. उघडपणे नाही, कुंपणावरून. बाकी गाव मला बघून बाजूला होतं. मासेवालीने आज सुट्टे पैसे माझ्या हातावर न ठेवता कट्ट्यावर ठेवले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

माझी थोरली बहीण मनोरमाताई नालासोपाऱ्याहून आली. मी शत्रुघ्न, ती लहानपणापासून मला शत्रू म्हणते. आज पहिल्यांदा त्या हाकेला अर्थ होता.

"शत्रू, बाहेर ये!" रिक्षातून उतरायच्या आत सुरुवात. हातात प्लास्टिकची फाइल. "हा बघ आपल्या वाडीचा सातबारा. हे बघ माझं नाव. माझ्या सहीशिवाय एक झावळी विकून दाखव!"

मी शपथा घेतल्या. मुलाची, देवाची, पोस्टाची. "मग शोधलंस कशाला?" यावर मी गप्प. खरं सांगितलं तर पुन्हा शोध सुरू होईल. ताई म्हणाली, "गप्प बसतो म्हणजे आहे काहीतरी," आणि बॅग आत नेली. मुक्काम.

१ डिसेंबर, सोमवार

ताईला एक गोष्ट मान्य करावी लागेल: कागदपत्रांचं तिला तोंडपाठ आहे. काल दिवसभर ती हंसाला सांगत होती. वारस नोंद, हक्कसोड, हरकतीचा अर्ज. हंसा लिहून घेत होती. पाहुण्याचा मान राखण्यात हंसाचा हात कुणी धरणार नाही. कंटाळवाणा विषय, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

आज दोघी सकाळीच माणिकपूरला साडी बघायला गेल्या. संध्याकाळी आल्या. साडी नव्हती. ताईची फाइल होती आणि हंसाच्या हातात तशीच दुसरी, नवी.

"साडी?"

"पसंत नाही पडली," दोघी एकदम म्हणाल्या.

३ डिसेंबर, बुधवार

ताई गेली. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "शत्रू, तू बावळट आहेस, पण वाईट नाहीस." पाच दिवसांत मत बदलायला काय झालं, ते सांगितलं नाही. बहुतेक भुजणं आवडलं.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी लेस्लीच्या अंगणात त्याला नाताळचा गोठा बांधायला मदत केली. त्याने बोलावलं हेच पुष्कळ. वाचनालयात नव्या ब्राउझरबद्दल तक्रार नाही. गर्दी वाढली आहे. दुपारी बायका जास्त येतात, टीचर सांगत होत्या.

घरी आलो तर हंसाचा भाऊ जयवंत आगाशीहून आलेला. वर्षातून एकदा येणारा माणूस, आज न बोलावता आला. चिकूची करंडी घेऊन. खाली मान घालून बसला होता.

"भावोजी," तो मला म्हणाला, "हंसाताईला सांगा, तिच्याशिवाय काही होणार नाही. ती पार्टी मी परत पाठवली."

कसली पार्टी, मला कळेना. हंसा आतून म्हणाली, "त्यांना कशाला सांगतोस? मी इथे आहे ना." बहीण-भावाचं काहीतरी असेल. मी गोठ्याचं उरलेलं गवत झटकायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा जयवंत चहा पीत होता आणि त्याचे डोळे लाल होते. हंसाचेही. पण ती हसत होती.

तो गेल्यावर तिने विचारलं, "त्या दिवशी सभेत तुम्ही असं का म्हणालात?"

"तुला कसं कळलं की मी नव्हतो शोधलं?"

"तुम्ही काही शोधलं असतं आणि मला सांगितलं नसतं, असं कधी झालंय?"

मी म्हणालो, "ज्याने शोधलं त्याला काहीतरी गरज असेल. आपण कोण त्याला उघडा पाडणारे."

"त्याला की तिला?"

मी चिकू सोलता सोलता थांबलो. तिला? म्हणजे बहीण? बहिणीने असं शोधलं असेल तर ते विकण्यासाठी नव्हे, वाचवण्यासाठी. अख्ख्या गावाने, त्यात मीही, ती ओळ उलटी वाचली होती! लेस्लीला जाऊन सांगावं असं मनात आलं. अर्धवट उठलोही. पुन्हा बसलो.

"झालं का तिचं काम?" मी विचारलं.

"झालं."

हंसाला ती बाई चांगली माहितीतली दिसते. कोण, ते मी विचारलं नाही.

मग म्हणाली, "पुढच्या रविवारी आगाशीला याल का माझ्याबरोबर? माझी वाडी बघायला."

जयवंतची म्हणायच्या ऐवजी माझी म्हणाली. मी दुरुस्ती केली नाही. येतो म्हणालो.